फ्लॉपीला हळदकुंकू

चंदीगडला आम्ही राहायचो ते सेक्टर बावीसमध्ये, बीजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा एअर फोर्समध्ये वॉरंट ऑफिसर. क्वार्टर 'पुढच्या महिन्यात पक्कं' असं आल्या दिवसापासून ऐकत होतो आणि तो पुढचा महिना काही शेवटपर्यंत उजाडला नाही. आईला आधी त्याचं वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं, कारण खाली उतरलं की बाजार, कोपऱ्यावर छोले-कुलच्याची गाडी, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावर बीजी. बीजी आमच्या घरमालकीण. उंच, गोऱ्या, आणि आवाज असा की त्यांनी रस्त्यावरच्या भाजीवाल्याला हाक मारली की वर आमच्या दुधावरची साय हलायची. यजमान वारलेले, मुलगा कॅनडात, त्यामुळे आम्ही त्यांचे भाडेकरू कमी आणि तावडीत सापडलेले नातेवाईक जास्त. हिवाळ्यात वाटीभर गजरेला, म्हणजे गाजराची खीर, वर यायचा. वाटी रिकामी परत करू नये म्हणून आई त्यात सांगलीचा कांदा-लसूण मसाला भरून पाठवायची. बीजी तो पराठ्यात घालून खायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, "भैणजी, एह मसाला नहीं, एह तां बम है!" आणि मग स्वतःच दचकून इकडेतिकडे बघायच्या. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत तो शब्द असा मोठ्यानं म्हणायचा नसे.

त्या वर्षांत सगळ्या अडचणींना एकच नाव होतं, 'हालात'. बस आली नाही, हालात. लग्न भर दुपारी उरकलं, हालात. दूध नासलं तरी बीजी म्हणायच्या, "की करिए, हालात ही ऐसे हैं." रस्त्यात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे असत आणि कॉलेजला जाता-येता आमच्या पिशव्या उघडून बघत. रस्त्यात पडलेली वस्तू, मग तो डबा असो की रेडिओ, हात लावायचा नाही, हे आम्हाला पाठ झालं होतं. बाबांचा नियम एकच, रस्त्यावरचे दिवे लागायच्या आत घरात. एकदा चौकात तपासणी चालू होती म्हणून आमची बस खोळंबली आणि मी अंधार पडल्यावर पोचले, तर आई आणि बीजी दोघी फाटकाशी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. बाबा मात्र वर खुर्चीत बसून उलटा धरलेला पेपर वाचत होते. मी आत आल्यावर त्यांनी तो सुलटा केला आणि 'जेवून घे' एवढंच म्हणाले. आता मला माझी मुलगी फोन उचलत नाही तेव्हा त्या उलट्या पेपराचा अर्थ कळतो. तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला भीती वाटते ती परीक्षेची, बाकी जग तिच्या दृष्टीनं जरा खोळंबा करणारं असतं, इतकंच.

घराला सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. आधी गुरुद्वाऱ्यातला पाठ, आणि तो संपत आला की आईचा तंबोरा. आई मिरजेची. लग्नाआधी रीतसर गाणं शिकलेली. बाबांच्या दर बदलीत आमची भांडी फुटली, कपाटाचे पाय मोडले, पण तंबोऱ्याला कधी ओरखडा आला नाही, कारण तो आई मांडीवर घेऊन बसायची, बाकी सामान गेलं उडत. सकाळी तिचा रियाज सुरू झाला की खाली बीजींचं ताक घुसळणं थांबायचं. मी मात्र कानावर उशी दाबून झोपायचे. गाणं मला येत नव्हतं. आईनं लहानपणी प्रयत्न केले आणि मग हात टेकले. "कान आहे गं तिला, गळा नाही. देवानं अर्धंच पार्सल पाठवलं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. ऐकून मला हसू यायचं आणि मनातून रागही यायचा.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमच्या कॉलेजचं वैभव. दाराबाहेर चपला-बूट काढून आत जायचं, कारण धुळीनं मशीन बिघडतं. आत एअर कंडिशनर, तोही जानेवारीत! मशीनला गरम होऊ नये म्हणून आम्ही गारठायचं. माझी मैत्रीण मन्नी, म्हणजे मनप्रीत, दोन-दोन मोजे घालून यायची आणि दोन्हींना भोकं असायची. आईला हा चपलांचा प्रकार फार आवडला. "चपला काढून जाता ना? मग ते देवघरच की," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, ते धुळीसाठी असतं." "देवघरात तरी दुसरं कशासाठी असतं?"

मन्नीनं आणि मी मिळून प्रोजेक्ट केला होता तो एका कारखान्याच्या पगारपत्रकाचा. आमच्या वर्गात निम्म्यांनी पगारपत्रकच केलं होतं, उरलेल्यांनी लायब्ररी. पण खरं सांगायचं तर माझा जीव अडकला होता भलतीकडेच. आमच्या त्या मशीनला पोटात एक बटणाएवढा स्पीकर होता. काही चुकलं की 'टुंई' करायचा. एक दिवस मला कळलं की बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला दोन आकडे दिले, सूर किती उंच आणि किती वेळ, की तो मुकाट्यानं तो सूर काढतो. झालं! ज्या पोरीला गळा नव्हता तिला गळा सापडला. मी भूप रागाचा सा रे ग प ध चढवला, उतरवला, मन्नीच्या टेपरेकॉर्डरवर भरला आणि मोठ्या ऐटीत घरी आणून आईला ऐकवला. आई पोळ्या लाटत होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "डास गायला शिकलाय वाटतं." मग माझं तोंड बघून तिला दया आली. "अगं, सूर बरोबर आहेत. पण हे गाणं नाही, जिना चढणं झालं. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी. मधलं कुठाय? पंचमावरून गंधारावर यायचं तर मध्ये मींड लागते." मी विचारलं, म्हणजे सरळ घसरायचं? ती म्हणाली, "घसरतो तो पाय. हे बघ." आणि लाटलेली पोळी तिनं तव्यावर टाकून दाखवली. आधी हात जरा रेंगाळला, मग चटकन गेला, आणि तव्याला टेकताना पुन्हा हळू झाला. पोळीला एक सुरकुती नाही. "असं. पंचम सोडवत नाही, मग सुटतो, मग गंधार हळूच भेटतो."

मी त्या पोळीच्या मागे महिना-दोन महिने लागले. एका सुराचे शंभर बारीक तुकडे करायचे, सुरुवातीचे तुकडे रेंगाळणारे, मधले पळणारे, शेवटचे पुन्हा संथ, आणि ते एकापाठोपाठ स्पीकरला द्यायचे. पगारपत्रकासाठी मिळालेला मशीनचा वेळ मी त्यात घातला. मन्नी चिडायची, "यार नंदिनी, तनख्वाह तो पूरी कर ले पहले!" पण मशीननं ज्या दिवशी पंचमावरून गंधारावर पहिल्यांदा धड मींड घेतली, तेव्हा तीच मोजे घालून त्या गार खोलीत भांगडा नाचली आणि आम्हा दोघींना बाहेर काढण्यात आलं. पुढे सगळं आयुष्य मी मशीनला बोलायला शिकवण्यात घालवलं. त्या कामाची मोठमोठी नावं मला आता येतात. पण मी हे का करत होते, याचं उत्तर तेव्हाही एवढंच होतं आणि अजूनही एवढंच आहे: मला गायचं होतं.

असं उत्तर घरात चालणारं नव्हतं. बाबांचं गणित साधं होतं. "बँकांत आता कॉम्प्युटर येणार. एकदा बँकेत चिकटलीस की झालं." आणि बँक म्हणजे आमच्या गावची, सांगलीची. त्यांची चंदीगडची मुदत संपत आली होती आणि बदलीचा हुकूम कधीही येईल अशी चिन्हं होती. हुकूम आला की आम्ही सगळे निघणार. मला एकटीला मागे ठेवायचं? तेही या हालातमध्ये? प्रश्नच नव्हता. सांगलीत तेव्हा मला हात लावता येईल असा कॉम्प्युटर कुणाकडे असेल, हे मला माहीत नव्हतं, पण मला बघायला येणारी दोन स्थळं आहेत हे मात्र मावशीनं आधीच कळवलं होतं. अशात एका सरकारी संशोधन संस्थेनं कॉम्प्युटरसाठी प्रशिक्षणार्थी घ्यायचं ठरवलं. जागा एकच. ती मिळाली तर 'मी इथं राहते' असं निदान तोंडातून काढता आलं असतं. नाही मिळाली तर सांगली, बँक आणि कांदेपोहे. मी अर्ज केला आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला नारळ बोलले.

मुलाखतीची तयारी करून घेणारे एक सर आमच्या बाजारात हलवायाच्या दुकानावर वर्ग घ्यायचे. खालून जिलबीचा वास यायचा आणि वर आम्ही इंग्रजीतून घोकायचो, 'देशाच्या तांत्रिक प्रगतीला हातभार लावणं हे माझं ध्येय आहे.' मी सरांना भीत भीत विचारलं होतं, मी मशीनकडून गाणं काढलंय, ते दाखवू का? ते म्हणाले, "बेटा, खेल-तमाशा घर पे. वहाँ काम की चीज़ दिखाओ." म्हणून मी पगारपत्रकाची फ्लॉपी न्यायचं ठरवलं. मोठी, काळी, कागदासारखी वाकणारी, मधोमध लांबट खिडकी असलेली ती फ्लॉपी. नेमका मुलाखतीच्या दिवशी बंद. बस नाही, रिक्षा नाही. मन्नी मोहालीत अडकलेली, बाबा पहाटेच ड्यूटीवर. मी म्हटलं चालत जाते, तर आईनं चप्पल घातलीच होती. "एकटीला सोडते होय मी! चल." हातात शिऱ्याचा डबा, डोक्यावरून पदर. ते रुंद, सरळ रस्ते एरवीसुद्धा मोकळेच वाटायचे, पण त्या दिवशी त्यांच्यावर फक्त आम्ही दोघी आणि कुत्री होतो. आईचा हात माझ्या दंडाला असा घट्ट होता की वळ उठले.

चौकात जवानानं पिशवी उघडायला लावली. त्यानं डबा हुंगला, मग फ्लॉपीचं पाकीट उघडलं. "ये क्या है?" मी सांगायला तोंड उघडलं आणि बघते तर काय! फ्लॉपीवर ओलं हळदकुंकू, वर चिकटलेल्या अक्षता! जवानानं एकदा फ्लॉपीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि चटकन ती कपाळाला लावून परत दिली. "जाइए माताजी." पुढे गेल्यावर मी ओरडले, "आई, हे काय केलंस?" "काय केलं म्हणजे? खंडेनवमीला बाबांच्या पान्यांना नाही लावत? परीक्षेला पेनाला नाही लावत? ह्याच्यावर तुझं सगळं आहे म्हणालीस ना?" मी रुमालानं पुसपुस पुसलं. वरून स्वच्छ दिसली. मनात म्हटलं, असू दे, एवढ्यानं काय होतंय.

मुलाखत तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीतच होती. दाराबाहेर चपलांची रांग. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली, मी आत गेले. टेबलामागे तिघं. मधले पांढऱ्या दाढीचे, फिकट निळी पगडी बांधलेले सर होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमचं ध्येय काय? मी सुरू केलं, "देशाच्या तांत्रिक प्रगतीला..." "...हातभार लावणं हे माझं ध्येय आहे," त्यांनीच वाक्य पूर्ण केलं. "सकाळपासून चौथ्यांदा ऐकतोय. तो हलवायावरचा वर्ग ना? जिलबी बरी असते तिथली." बाकीचे दोघं हसले, माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मग म्हणाले, "चला, काम दाखवा." मी फ्लॉपी घातली. आधी नेहमीची घरघर झाली, मग किर्र्र असा आवाज, जसा दाढेखाली खडा यावा, आणि पडद्यावर 'वाचता येत नाही'. पुन्हा घातली. पुन्हा किर्र्र. तिथल्या तंत्रज्ञानं ती बाहेर काढून उजेडात धरली. खिडकीतून आत, चकतीवर, लालभडक ओरखडा उमटला होता, आणि त्याच्या बोटांना पिवळं लागलं होतं. "ये किसने किया?" तो जोरात म्हणाला.

मी बोलायच्या आत दारातून आवाज आला. "मैंने किया साहेब." आई अनवाणी उंबऱ्यावर उभी होती, पदर दोन्ही हातांनी आवळलेला. माझी आई, जी दुकानदाराशीसुद्धा हिंदी बोलायला मला पुढे करायची! "उसकी कुछ चूक नहीं है. मैंने लगाया. हमारे में लगाते हैं, अच्छा होने के लिए. उसका नंबर मत काटना." मला इतकं भरून आलं आणि त्याच वेळी इतका राग आला, की काय करावं ते कळेना. पगडीवाल्या सरांनी फ्लॉपीकडे पाहिलं, मग आईला म्हणाले, "माताजी, हमारी मशीन आयी थी तो हमने भी लड्डू बाँटे थे. पर मशीन को नहीं खिलाए." आणि खुर्ची मागवून तिला आतच बसवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यातलं काही आठवणीनं लिहून दाखवता येईल? चहा येईपर्यंत."

पगारपत्रकाची एक ओळ आठवली असती तर शपथ! घरभाडे भत्ता आधी की प्रॉव्हिडंट फंड, काही काही आठवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ते नाही येणार. दुसरं एक येईल. पण ते कामाचं नाही." "बघू तर." मी बसले. बोटं आपोआप चालायला लागली. तो प्रोग्रॅम मी इतक्या वेळा मोडला होता, जोडला होता, की तो मला आठवावा लागतच नव्हता. चहा आला, कुणी घेतला नाही. पहिल्यांदा चालवला तेव्हा मशीननं एक चूक दाखवली, कुठेतरी स्वल्पविराम राहिला होता. तो घातला, पुन्हा चालवला. आणि त्या बटणाएवढ्या स्पीकरनं पंचम लावला, तिथं रेंगाळला, आणि हळूच गंधारावर येऊन टेकला. मी वळून पाहिलं नाही, पण मागून आईचं "आहा" ऐकू आलं. ती दाद होती. मला उभ्या जन्मात तिच्याकडून मिळालेली पहिली.

"याचा फायदा काय?" सरांनी विचारलं. घोकलेलं सगळं उडून गेलं होतं, म्हणून मी खरं तेच सांगितलं. "माहीत नाही सर. मशीन बोलतं तेव्हा जिना चढल्यासारखं बोलतं. माणूस तसा बोलत नाही, गात तर नाहीच. मधलं कुठे जातं ते मला शोधायचंय. दुसरं काही करण्यात माझं मन लागत नाही." त्यांनी तो सूर आणखी तीनदा वाजवायला लावला. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच बटण दाबलं. मग चहा गार झाला म्हणून तंत्रज्ञाला दुसरा आणायला पाठवलं. त्यात आईलाही एक कप होता.

आठवडाभरानं बीजींच्या फोनवर निरोप आला. बीजींनी खालून अशी आरोळी ठोकली की अख्ख्या गल्लीला कळलं, मला जागा मिळाली. मी खाली जाऊन खात्री केली आणि जिन्यावरून उड्या मारत वर आले तर बाबा दारात उभे. त्यांच्याही हातात बातमी होती, बदलीची. जेवायला बसलो. बीजी वरच आल्या होत्या, म्हणाल्या, "कुड़ी मेरे कोल रहेगी, पिछला कमरा देती हूँ, तुसी फिकर ना करो." बाबा मान खाली घालून म्हणाले, "बीजी, आपका एहसान है. पर नहीं." त्या गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, का पण?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "का? मी तिकडे रोज सकाळी पेपर उघडून आधी ह्या गावाचं नाव शोधत बसू का? कुठल्या बसमध्ये होतं, कुठल्या चौकात होतं, ते वाचत बसू? मला भीती वाटते, नंदू. कळतंय का? भीती वाटते." त्यांचा हात ताटात तसाच राहिला. सांगितलेल्या भीतीपुढे काय बोलणार? तरी मी बोलले, कारण ते नसतं बोलले तर सगळं तिथंच संपलं असतं. "लढाईच्या वेळी तुम्ही पुढच्या ठाण्यावर होता. तेव्हा आईला भीती वाटत नसेल? ती म्हणाली होती का तुम्हाला, जाऊ नका म्हणून?"

स्वयंपाकघरातून आई भाताचं पातेलं घेऊन आली, ते खाली ठेवलं, आणि त्यांच्या ताटात वाढत अगदी सहज म्हणाली, "मी म्हणाले होते की. रडले होते. ह्यांनी ऐकलं नाही." आणि मग माझ्या ताटात वाढत, "आता ही तरी कुणाची ऐकायची?"

बाबा बराच वेळ भात कालवत बसले. आमटी घातली, पुन्हा कालवला. मग वर न बघता म्हणाले, "त्या बीजींना विचार, मागची खोली थंडीत फार गार पडते का."